हार घातलेलं इंजिन

१९७५ सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास, माणदेशातला एक मेंढपाळ सांगलीतल्या एका दैनिकाच्या कचेरीत आला आणि आगगाडीच्या एका छापील चित्रावर बोट ठेवून हे चित्र कधीचं आहे, असं त्याने विचारलं. त्याचं नाव धुळा. वय, त्याच्याच सांगण्यानुसार, पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. सोबत कोणी नव्हतं. कचेरीत त्या वेळी दोन उपसंपादक होते आणि आत छापखान्यात चार कंपोझिटर. दोघांपैकी एक उपसंपादक मी.

हळदीचा हंगाम होता. त्या दिवसांत सांगलीला एक रंग यायचा आणि तो कुठेही बसायचा. शिजवलेल्या हळदीचा वास ओल्या मातीसारखा असतो, पण त्यात थोडा कडवटपणा असतो. तो शिवारातून गाड्यांबरोबर शहरात यायचा. बाजारात पोती उतरायची, हळकुंडं ढिगाने ओतली जायची, आणि त्यांचा खळखळाट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू यायचा. हमालांच्या भुवया पिवळ्या. त्यांना चहा देणाऱ्याच्या कपबश्यांचे कान पिवळे. आमच्या खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की बोट पिवळं व्हायचं, आणि तेच बोट प्रुफावर टेकलं की समासात पिवळा ठसा उठायचा. संपादक म्हणायचे, या महिन्यात आपला प्रत्येक अंक हळदीला बसलेला असतो.

धुळाने आणलेला कागदही पिवळा होता. वितीएवढा तुकडा. वरची तारखेची पट्टी फाटून गेलेली, चित्राखालची ओळही नाही. भिलवडीजवळ एका बागायतदाराच्या रानात त्याची मेंढरं बसली होती; कळपामागे तो आणि त्याची बायको, दोघंच. माणातले मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात. एका रानात चार-सहा रात्री मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य; मग पुढचं रान. पावसाळा तोंडावर आला की परत फिरायचं. त्या बागायतदाराच्या घरातून धुळाच्या बायकोला, तानूबाईला, चार हळकुंडं मिळाली होती. ती या कागदात बांधलेली. पुडी सोडली आणि तिने कागद नवऱ्यापुढे धरला.

चित्रात एक पॅसेंजर गाडी तिरपी उभी होती. पुढे बंदुकीच्या गोळीसारख्या गोल नाकाचं वाफेचं इंजिन. अंग पत्र्याने सपाट मढवलेलं, कडा कुठेच टोकदार नाहीत, वाऱ्याने घासून गुळगुळीत केल्यासारखं. नाकावर झेंडूचे जाड हार, बाजूंना आंब्याचे डहाळे. नंबराची पाटी हाराखाली झाकली गेली होती आणि मागचे डबे वाफेत पुसट झाले होते. इंजिनापुढे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, सहा-सात मजूर. त्यांतला एक जण मान वळवून इंजिनाकडे पाहत होता. त्याचा एकच कान दिसत होता, आणि त्या कानाचा वरचा तुकडा नव्हता.

"ह्यो फोटू कवाचा हाय, सायेब?"

"कशाला पाहिजे?" माझ्या सहकाऱ्याने विचारलं.

"ह्यो माजा पोरगा हाय का न्हाई, ते बघाय."

"आता तुमचा पोरगा तुम्हाला ओळखू येत नाही, तर आम्हाला कसा यावा?"

"म्हनून तर आलोय न्हवं. बायकू म्हनती त्योच हाय. मी म्हनतो न्हाई."

"का नाही?"

"कान उजवा हाय."

मग त्याने सांगितलं ते असं. प्रत्येक कळपाची खूण ठरलेली असते. धुळाच्या मेंढरांच्या डाव्या कानाला मागून खाच. उजव्या कानाला खाच असलेलं मेंढरू चुलत्याच्या कळपातलं. दोन कळप वाटेत मिसळले की आधी कान बघायचा, रंग आणि शिंग मागून. "उजव्याला खाच आसंल तर ते आपलं न्हवं. मग कितीबी आपल्यागत दिसूं द्या, हात लावायचा न्हाई." मुलाचं नाव सिदू. चार वर्षांचा असताना मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्याने त्याच्या कानाचा लचका तोडला. डाव्या. "तवा मी हसलो हुतो, सायेब. म्हनलं, द्येवानंच खूण करून दिली, आता चुकायचं न्हाई."

पाणी आलं, चहा आला. चहा त्याने बशीत ओतून संपवला आणि मग बाकीचं सांगितलं. सिदू १९७३ च्या श्रावणात घरातून गेला होता. दुष्काळाचं साल नुकतंच सरलेलं. पाऊस पडून थांबला होता आणि रानात जोंधळा वीतभर येऊन खुरटला होता. तसला कोवळा, खुरटलेला जोंधळा मेंढरांना विषासारखा असतो. सिदूने कळप त्या रानाच्या कडेने नेला आणि मेंढरं आत घुसली. अकरा मेली. दुष्काळात चारा-छावणीत, टाकीच्या पाण्यावर, झाडपाल्यावर जगवलेली अकरा.

"मी बोललो," धुळा म्हणाला.

"काय बोललात?"

"म्हनलं, ह्या अकरांतलं एक जरी जगलं आसतं आन् त्येच्या जागी..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिदूची जागा रिकामी होती. गावातले जे लोक मुंबईला होते त्यांच्याकडे विचारणा झाली. कोणी पाहिलेला नव्हता. त्याला दीड वर्ष झालं होतं.

म्हणजे प्रश्न सरळ होता. चित्र त्या श्रावणानंतरचं असेल तर त्यातला माणूस सिदू असू शकतो, आणि तो त्या दिवशी जिवंत होता. चित्र त्याआधीचं असेल तर तो माणूस दुसरा कोणी. कारण त्याआधी सिदू एक दिवसही मेंढरांपासून लांब राहिलेला नव्हता. धुळाला एवढंच हवं होतं. आणि रविवारी त्याची मेंढरं नदी ओलांडून पलीकडच्या रानांत जाणार होती. एकदा पलीकडे गेलं की आठवड्याला मुक्काम बदलणार. त्याला गाठायला पत्ता नसणार.

आम्ही फायली काढल्या. हे काम वाटतं तितकं सरळ नव्हतं, कारण त्या काळच्या जिल्हा दैनिकात छापलेल्या चित्राची तारीख ही त्या फोटोची तारीख नसे. फोटोवरून छपाईचा जस्ताचा ब्लॉक करून आणणं वेळखाऊ होतं. एकदा केलेला ब्लॉक खणात राही आणि विषय निघाला की पुन्हा वापरला जाई. धरणाचा एक ब्लॉक, उसाच्या मोळ्यांचा एक, पुराचा एक. आगगाडीचा हा एक. वेळापत्रक बदललं, हीच गाडी. मालधक्क्यावर वॅगनी कमी पडल्या, हीच गाडी. वाचकांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याची नोंद नाही.

फायलींत हे चित्र तीन वेळा सापडलं. धुळाचा तुकडा १९७४ च्या डिसेंबरातला निघाला. त्याआधी जूनमध्ये. सर्वांत आधी १९७४ च्याच जानेवारीत, आणि तिथे चित्राखाली ओळ होती: "ब्रॉडगेजची पहिली गाडी (संग्रहातून)."

पुण्याहून मिरजेकडे येणारी जुनी मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज सुरू झाली ती सिदू घरातून जाण्याच्या बऱ्याच आधी. ती ओळ खरी असेल तर उत्तर मिळालेलं होतं: तो सिदू नव्हे.

ती ओळ मी लिहिली होती. आधार: इंजिनावर हार होते. दुसरा आधार नव्हता. ब्लॉकच्या पाकिटावर फक्त "रेल्वे" असं लिहिलेलं होतं, मूळ फोटो ब्लॉक करायला गेला तो परत आलेला नव्हता, आणि पान रात्री साडेनऊला सोडायचं होतं.

हे सगळं त्या मंगळवारी मी धुळाला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की छापलंय त्यावरून फोटो जुना दिसतो, पण खात्री नाही. त्याने मान हलवली.

"मग कान बी बरूबर बोलतोय आन् साल बी. बायकूला सांगतो."

तो उठला, घोंगडी खांद्यावर टाकली. दाराकडे जाताना छापखान्यात डोकावला. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवणारे हात पाहत उभा राहिला. तिथे रसूलभाई होते, आमचे सर्वांत जुने कंपोझिटर, तीस वर्षं छापखान्यात घालवलेले. त्यांनी विचारलं, "काय पाव्हणं, काय हरवलं?" धुळाने कागद दाखवला. रसूलभाईंनी तो नीट न पाहताच ओळखला. "ही गाडी? ही तर आमच्या खणातनं रोज सुटते." त्यांनी खण ओढला, लाकडावर ठोकलेला जस्ताचा ब्लॉक काढला, फडक्याने पुसला आणि उजेडात तिरपा धरून त्याच्या हातात दिला. शाई मुरलेल्या जस्तावर चित्र तसं बऱ्यापैकी दिसतं.

धुळाने ब्लॉक डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ नेला.

"ह्यो बघा," तो म्हणाला. "ह्यो माजा."

छापखान्यात हशा झाला. रसूलभाईही हसले. "अरे बाबा, धातूवर समदं उलटं असतं. डावं ते उजवं. कागदावर उमटलं की सुलट. आम्ही जन्मभर उलटंच वाचतोय."

"आसंल," धुळा म्हणाला. "पर ह्यो माजा."

रसूलभाईंनी ब्लॉक परत घेतला तो ठेवून देण्यासाठी. ठेवला नाही. चष्मा कपाळावर सरकवून, अक्षरं पाहायचे तसा नाकाजवळ नेला. मग मला हाक मारली.

"सदऱ्याचा खिसा कंच्या अंगाला असतो?"

"डाव्या."

"मग धातूवर कुठं दिसायला पाहिजे?"

"उजव्या."

"बघ मग."

चित्रातल्या चार मजुरांच्या सदऱ्यांना खिसे होते. धातूवर चारही खिसे मजुरांच्या डाव्या अंगाला. कागदावर चारही उजव्या अंगाला. ज्या ब्लॉकवर सगळं उलटं दिसायला हवं, त्यावर सगळं सुलट होतं. म्हणून कागदावर ते तीन वेळा उलटं छापलं गेलं होतं. ब्लॉक करताना निगेटिव्हची काच पालटली होती की फोटोच पालटून आला होता, ते त्या क्षणी सांगता येत नव्हतं. पण चार खिसे खोटं बोलत नव्हते.

"तीन बार माझ्याच हातानं चौकटीत बसवला," रसूलभाई म्हणाले. "अक्षर उलटं पडलं असतं तर झोपेत दिसलं असतं. चित्राला काना-मात्रा नसते, इथं फसलो."

धुळा एव्हाना जमिनीवर बसला होता. कान जागेवर आला होता. राहिलं होतं साल, आणि सालाच्या आड माझी ओळ होती.

इथे एक आजची नोंद. यंदाही हळदीचा हंगाम आला. बाजारावरून जाताना गाडीची काच खाली केली की तो वास येतो. हळद आता यंत्राने घासली जाते, तरी धूळ तशीच उडते. याच आठवड्यात पुण्याच्या एका रेल्वेप्रेमी गृहस्थांनी मला फोनवर एक चित्र पाठवलं. गोल नाकाचं इंजिन, हार, डहाळे, मजूर. चित्र इंटरनेटवर बरंच फिरलेलं दिसतं. खाली ओळ आहे: "ब्रॉडगेजची पहिली गाडी." खिसे उजवीकडे आहेत. त्यांना इंजिनाची जात आणि वर्ष हवं होतं. तसल्या इंजिनांना आता संग्रहालयांत जागा मिळते. त्यांचं गोल नाक पाहून लोक त्यांना वेगवान म्हणतात. आमच्या मार्गावर त्यांनी पॅसेंजर गाड्या ओढल्या आणि प्रत्येक स्टेशनावर पाणी प्यायलं. त्या गृहस्थांना मी उत्तर दिलं त्यात इंजिनाची जात नव्हती. त्या चित्राबद्दल मला जे पक्कं ठाऊक आहे ते वेगळ्या प्रकारचं आहे.

त्या मंगळवारी संध्याकाळी संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. ते कमी बोलत. म्हणाले, "त्याला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. उद्या मिरजेला जा. फोटो काढणाऱ्याला विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं का?" सांगितलं होतं.

धुळा गुरुवारी पुन्हा येणार होता. जाण्याआधी त्याने एक गोष्ट विचारली. "गावला तर तुमी कसं वळखनार? कानतुटं जगात लय आसत्याल." मग स्वतःच उपाय सांगितला. "त्येला इचारा, आपल्या कळपाच्या म्होरक्या बोकडाला काय म्हनत्यात?"

"काय म्हणतात?" मी लिहून घ्यायला कागद ओढला.

"ते मी तुमास्नी सांगत न्हाई. तुमी बोलता बोलता त्येला सांगून बसशीला."

वार्ता तपासण्याची ही पद्धत मी पुढे नव्या लोकांना शिकवली. तिचा उगम मात्र सांगितला नाही.

बुधवारी सकाळच्या गाडीने मिरज. स्टेशनासमोर माडीवर एक स्टुडिओ होता. तिथल्या छायाचित्रकारांना सगळे अण्णा म्हणत. आमच्या दैनिकाला बरेचसे फोटो तेच देत. मी चित्र पुढे ठेवलं आणि ओळीचंही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पहिली गाडी? अहो, पहिल्या गाडीच्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. दोन्ही गाल हे एवढे. माडीवरून खाली उतरू शकलो नाही. पहिल्या गाडीचा फोटो अण्णाकडे नाही, हे सबंध मिरजेला ठाऊक आहे. सोयरे अजून चिडवतात. आणि तुम्ही छापता, पहिली गाडी!"

"मग ही कुठली?"

"दसऱ्याची. खंडेनवमीला इंजिनाची पूजा करतात, माहीत नाही? तुम्ही लेखणीची करता, ते इंजिनाची करतात. ड्रायव्हर, फायरमन, कोळसा भरणारे, सगळे मिळून इंजिन धुतात, पुसतात, हार घालतात, नारळ फोडतात, आणि मग तीच गाडी घेऊन जातात. डब्यांतल्या लोकांना वाटतं कुठला तरी मंत्री चढणार."

"कुठल्या सालचा दसरा?"

त्यांच्याकडे निगेटिव्हची वही होती. प्रत्येक ओळीला क्रमांक, विषय, साल. ते बोटाने खाली येत गेले आणि एका ओळीवर थांबले. वही त्यांनी माझ्याकडे फिरवली, स्वतः वाचून दाखवली नाही. लिहिलं होतं: इंजिनपूजा, दसरा, ७३.

श्रावण, भाद्रपद, आश्विन. सिदू गेल्यानंतरचा तिसरा महिना.

आपली चूक सिद्ध झाल्यावर इतकं हलकं वाटल्याची दुसरी नोंद माझ्याकडे नाही. मी ती ओळ दोनदा वाचली आणि साल उतरवून घेतलं. अण्णांनी डब्यातून निगेटिव्ह काढली, खिडकीशी धरली आणि हळूच फिरवून सुलट केली. खिसे डावीकडे गेले. मान वळवलेल्या माणसाचा डावा कान वर तुटका होता. निगेटिव्हवरून मोठी प्रत काढताना ती पालथी बसली असणार, असं ते म्हणाले. ब्लॉकवाल्याला बोल लावू नका, असंही. नंबराची पाटी हाराखाली असल्याने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिथून स्टेशनापलीकडे, जिथे इंजिनं कोळसा आणि पाणी घेत तिथे गेलो. पायाखाली राख, हवेत कोळशाचा आणि ओल्या लोखंडाचा वास. मुकादम कोळशाच्या पालथ्या पाटीवर बसून भाकरी खात होता. फोटो पाहून म्हणाला, "आयला, ह्यो तर आमचा फोटू! पूजेचा. मला का दिला न्हाई कुणी?" मान वळवलेल्या माणसावर मी बोट ठेवलं.

"सिदू. कानतुट्या. मानातला. लय कामाचं पोरगं, पर गप. मेंढराबद्दल इचारलं की तोंड फिरवायचं."

"कुठे आहे?"

"ह्या दिवाळीपातूर हितंच हुता. मग माजी निम्मी मानसं कोरेगावला मालधक्क्यावर गेली, त्यात गेला. संक्रांतीला आला हुता, तीळगूळ दिऊन गेला. आता हाय का न्हाई, म्या कसं सांगू? मानसाचं काय, गड्या, आज हितं तर उद्या तिथं."

म्हणजे महिन्यापूर्वीपर्यंतची माहिती. पक्की नव्हे.

कोरेगावला आमचे वार्ताहर होते चव्हाण गुरुजी. दिवसा शाळा, संध्याकाळी बातम्या. संध्याकाळी कचेरीतून ट्रंक कॉल लावला. तो लागला गुरुवारी सकाळी पावणेनऊला. ऐकू कमी येत होतं, दोन्हीकडून ओरडावं लागत होतं. मी त्यांना नाव, गाव, कान आणि एक प्रश्न सांगितला. उत्तर मला ठाऊक नाही, तेव्हा जे ऐकाल ते तसंच कळवा, असंही सांगितलं. गुरुजी म्हणाले, शाळा सुटली की जातो. मी म्हणालो, शाळा भरायच्या आधी जा. मग ते म्हणाले, बरं.

साडेअकराला त्यांचा कॉल आला.

"आहे," ते ओरडले. "डावा कान. नाव सिदू. गाव बरोबर सांगतो."

"आणि बोकड?"

"मामलेदार!"

"कोण?"

"मामलेदार! मा-म-ले-दार! बोकडाचं नाव!"

मध्ये टेलिफोनवाल्या बाईंचा आवाज आला, तीन मिनिटं झाली. गुरुजी घाईने म्हणाले, "त्याने मला एकच विचारलं. आईनं धाडलंय का बानं? मी म्हटलं, बापाने." लाइन तुटली.

मी "मामलेदार" कागदावर लिहिलं. ते बरोबर की चूक, हे कचेरीत कोणालाच माहीत नव्हतं. रसूलभाई दोनदा येऊन गेले. संपादक एकदा, काही न विचारता.

धुळा दोनला आला. भिलवडीहून गाडीने आला होता. फेट्यावर हळदीची धूळ. उभाच राहिला. दसऱ्याचं साल आधी सांगायचं असं मी ठरवलं होतं. सांगितलं नाही.

"मामलेदार," मी म्हणालो.

त्याने फेटा काढून हातात घेतला. खुर्ची रिकामी होती तरी कागदाच्या रिळाला टेकून खाली बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलू लागले. आम्हाला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"लय खातंय त्ये बोकड," तो म्हणाला. "समद्यांच्या म्होरं चालतंय आन् समद्यांच्या वाट्याचं खातंय. म्हनून पोरानंच नाव ठिवलं. मामलेदार." मग डोळे पुसले. "कुठं हाय?"

"कोरेगावला. स्टेशनावर, मालधक्क्यावर. आज सकाळी तिथेच होता."

"धड हाय?"

"धड आहे."

"काय बोलला?"

गुरुजींनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगितलं. आईनं धाडलंय का बानं, हा प्रश्न. आणि बापाने, हे उत्तर. तो बराच वेळ रिळाच्या कागदावरून तळहात फिरवत राहिला. रसूलभाई दारात उभे होते. त्यांनी त्या निगेटिव्हवरून सुलट छापलेला लहान फोटो, मी मिरजेहून आणलेला, त्याच्यापुढे धरला. धुळाने तो घेतला, पाहिला आणि परत केला.

"ह्यो तुमीच ठिवा," तो म्हणाला. "मला आता फोटू काय करायचाय?"

"बायकोला तरी दाखवा," रसूलभाई म्हणाले. "ती पहिल्यापासनं बरूबर बोलत होती. आता घरी जाऊन ऐकून घ्यायचं."

"ऐकतो की," धुळा म्हणाला. "जल्मभर ऐकतो."

फोटो त्याने पुन्हा मागून घेतला आणि फेट्यात ठेवला.

शुक्रवारच्या अंकात दुसऱ्या पानावर चार ओळी आल्या: या दैनिकात पूर्वी "ब्रॉडगेजची पहिली गाडी" म्हणून आलेलं चित्र मिरजेतल्या दसऱ्याच्या इंजिनपूजेचं असून ते उलट छापलं गेलं होतं, चुकीबद्दल दिलगीर आहोत. सिदूचा उल्लेख नव्हता. धुळाने तसं सांगितलं होतं. या चार ओळी इंटरनेटवर नाहीत.

त्यानंतर मला जे कळलं ते दोन माणसांकडून. चव्हाण गुरुजींनी पत्रात लिहिलं, की धुळा शुक्रवारी दुपारच्या पॅसेंजरने कोरेगावला उतरला आणि विचारत विचारत मालधक्क्यावर गेला. सिदू पोतं पाठीवर घेऊन वॅगनीकडे चालला होता. धुळा वाटेत उभा राहिला. सिदूने आधी पोतं नेऊन ठेवलं आणि मग परत आला. गुरुजी लांब उभे होते, त्यामुळे बोलणं त्यांना ऐकू आलं नाही. ते फार वेळ चाललं नाही, एवढं त्यांनी लिहिलं. रात्री दोघे मजुरांच्या झोपडीत राहिले. शनिवारी सकाळी मुकादमाच्या माणसाला सांगून दोघांनी भिलवडीची दोन तिकिटं काढली. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. इंजिन कुठलं होतं, ते गुरुजींनी कळवलेलं नाही.

दुसरा माणूस भिलवडीचा बागायतदार. तो सोमवारी हळद घेऊन सांगलीच्या बाजारात आला होता. मी तिथे जाऊन त्याला गाठलं. त्याने सांगितलं, की धुळाची मेंढरं रविवारी सकाळी सातच्या सुमारास त्याच्या रानातून हलली आणि नदीच्या दिशेने गेली. मेंढरं हाकायला तीन माणसं होती.